पडद्यावरचा राखाडी कागदावरही राखाडीच यावा म्हणून

मावशीचा एक फोटो मला घरच्या प्रिंटरवर छापायचा होता. राखाडी स्वेटर घातलेली मावशी पांढऱ्या भिंतीशी बसलेली. पडद्यावर फोटो सुरेख दिसत होता. कागदावर आला तेव्हा मावशी तासभर उन्हात उभी राहून आल्यासारखी लालबुंद, स्वेटर जांभळट आणि भिंत गुलाबी. मग सगळे करतात तेच मी केलं. फोटोतला लाल कमी करून पुन्हा छापला, तर चेहरा हिरवट. थोडा लाल वाढवला, तर पुन्हा पहिल्यासारखाच. सातव्या कागदापर्यंत मूळ फाइलही बिघडवून ठेवली होती.

दोष फोटोत नव्हताच. रंग जुळवायचं काम दोघं एकदमच करत होते, एक फोटो सुधारायचा प्रोग्राम फोटोशॉप आणि दुसरा प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकातला प्रिंटर चालवणारा प्रोग्राम. ड्रायव्हरला गप्प बसवलं आणि स्वेटर राखाडी झाला.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. फाइल, पडदा, उजेड, कागद, प्रोफाइल (रंगांच्या आकड्यांचा अर्थ सांगणारी माहिती) आणि ड्रायव्हर ही साखळी नीट लागेपर्यंत फोटोला हात लावायचा नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पुढचं सगळं त्याच क्रमाने आहे.

आधी अपेक्षा जमिनीवर आणा

पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद मात्र त्याच्यावर पडलेलाच उजेड परत देतो. साध्या मॉनिटरवर सर्वांत पांढरा आणि सर्वांत काळा यांच्यातलं प्रमाण सहज १००० ला १ असतं. चांगल्या ग्लॉसी कागदावर ते साधारण २०० ला १ आणि मॅट कागदावर ५० ला १ च्या आसपास येतं. म्हणजे पडद्यावरची खोल सावली मॅट कागदावर तितकी खोल दिसणं शक्यच नाही. पडद्यावरचा झगझगीत निळा आणि विजेरीसारखा पेटलेला हिरवाही शाईला जमत नाहीत. उलट काही निळसर-हिरवे आणि पिवळे रंग शाई अशा ताकदीने देते, की साधा पडदा ते दाखवूच शकत नाही.

त्यामुळे ‘अचूक’ म्हणजे हुबेहूब, असं धरून बसू नका. राखाडी राखाडी दिसावा, त्वचा त्वचेसारखी दिसावी, आणि प्रिंट हातात घेऊन पडद्याकडे पाहिल्यावर ‘हाच तो फोटो’ असं वाटावं. एवढं घरी नक्की साधतं.

फाइल कोणत्या रंगभाषेत आहे?

फाइलमधला आकडा म्हणजे रंग नव्हे. लाल २००, हिरवा ८०, निळा ६० या आकड्यांना अर्थ येतो तो सोबत जोडलेल्या प्रोफाइलमुळे. एसआरजीबी ही रंगभाषा (कलर स्पेस) एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ साली मांडली, ती त्या काळच्या सामान्य मॉनिटरांना धरून. अडोबी आरजीबी १९९८ ची. तिच्यात छपाईच्या शाईला जमणारे निळे-हिरवे रंग अधिक मावतात.

अडोबी आरजीबीतली फाइल एसआरजीबी समजून वाचली गेली, की फोटो मळकट आणि उतरलेला दिसतो. उलट झालं, तर रंग अंगावर येतात. फाइलला प्रोफाइल जोडलेलंच नसेल, तर सॉफ्टवेअर आपल्या मनाने अंदाज करतं. कॅमेऱ्यातून थेट जेपेग घेत असाल, तर एसआरजीबी ठेवा आणि निश्चिंत राहा. रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलवर काम करत असाल, तर अडोबी आरजीबी किंवा तिच्याहून मोठी प्रोफोटो आरजीबी, आणि तेही १६ बिटमध्ये, म्हणजे रंगांच्या जास्त बारीक पायऱ्यांत.

इथे दोन चुका नेहमी दिसतात. पहिली, ‘असाइन प्रोफाइल’ आणि ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ यांची गल्लत. असाइन केल्यावर आकडे तेच राहतात आणि दिसणं बदलतं. कन्व्हर्ट केल्यावर आकडे बदलतात आणि दिसणं शक्य तितकं तसंच राहतं. तुम्हाला बहुतेक वेळा कन्व्हर्टच हवं असतं. दुसरी चूक म्हणजे ‘प्रिंटरमध्ये चार शाया आहेत ना’ म्हणून फोटो सीएमवायकेमध्ये, म्हणजे छापखान्याच्या चार शायांच्या आकड्यांत, बदलून घेणं. घरच्या इंकजेटचा ड्रायव्हर आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा यांचेच आकडे मागतो आणि शायांची वाटणी आत स्वतः करतो. सीएमवायके फाइल दिलीत, तर तो आधी ती उलटी फिरवतो, आणि या फिरवाफिरवीत रंग सांडतात.

पडदा: इथे घाई नको

‘प्रिंट काळपट येतो’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या दहापैकी बहुतेकांचा प्रिंटर ठणठणीत असतो आणि पडदा अतोनात उजळ असतो. नवा मॉनिटर दुकानात उठून दिसावा म्हणून बनवलेला असतो. त्याची चकाकी (ब्राइटनेस) चौरस मीटरला २५० ते ३५० कँडेला (उजळपणाचं माप) इतकी असू शकते. छपाईसाठी ८० ते १२० पुरते. तिप्पट उजळ पडद्यावर तुम्ही फोटो ‘ठीक’ होईपर्यंत गडद करता, आणि कागद तुमचा तो निर्णय प्रामाणिकपणे छापतो.

सर्वांत आधी रात्री पडदा पिवळसर करणारी सोय बंद करा. खोलीच्या उजेडाप्रमाणे चकाकी बदलणारी सोय आणि मॉनिटरच्या मेनूतले ‘व्हिव्हिड’, ‘गेम’, ‘सिनेमा’ हे मोडही बंद करा. विंडोजमध्ये एचडीआर (उजळ भाग जास्त झगझगीत दाखवणारी सोय) चालू असेल, तर तोही. मॉनिटर चालू केल्यावर अर्धा तास तापू द्या. त्याआधी घेतलेले निर्णय नंतर बदलतात.

मोजणी यंत्र नसेल, तर एक साधा उपाय आहे. प्रिंट जिथे ठेवून बघणार तिथे, मॉनिटरच्या शेजारी, तुमचा छपाईचा कोरा कागद उभा धरा. पडद्यावर रिकामं पांढरं पान उघडा. आता मॉनिटरची चकाकी हळूहळू उतरवत जा. सुरुवातीला पडदा खिडकीसारखा पेटलेला आणि कागद मातकट दिसेल. एका टप्प्यावर दोन्ही पांढरे एकाच वजनाचे वाटू लागतील. तिथे थांबा. पहिले दोन दिवस पडदा मंद वाटेल, मग डोळा सरावतो. एवढ्यानेच निम्म्या काळपट प्रिंट सुधारतात, असं मी स्वतःच्या अनुभवावरून म्हणतो.

यंत्र घेणं परवडत असेल, तर प्रिंटरच्या वरच्या मॉडेलवर खर्च करण्याआधी तेच घ्या. कॅलिब्राइट किंवा डेटाकलर स्पायडर यांचा कलरिमीटर पडद्यावर टेकवला, की तो पडद्याचे रंग मोजतो आणि त्या पडद्याचं प्रोफाइल बनवतो. लक्ष्य असं ठेवा: पांढरा डी६५ (म्हणजे सुमारे ६५०० केल्व्हिन; हा आकडा जितका कमी, तितका पांढरा पिवळसर), गॅमा (मधले टोन किती उजळ दिसतील ते ठरवणारा आकडा) २.२ आणि चकाकी १००. कागदाच्या तुलनेत पडदा निळसर वाटला, तर पांढरा ५८००–६००० केल्व्हिनपर्यंत खाली आणून बघा. इथे आकड्यापेक्षा डोळ्याला कागद आणि पडदा जुळलेले दिसणं महत्त्वाचं. मोजणी महिन्यातून एकदा पुन्हा करा.

नुसत्या डोळ्याने रंगछटा जुळवायला मात्र जाऊ नका. डोळा दर काही मिनिटांनी नव्या पांढऱ्याला सरावतो, मग निळसर पडदाही पांढराच वाटतो. उजळपणा डोळ्याने जमतो, रंगाची झाक यंत्रानेच मोजावी. आणि लॅपटॉपचा टीएन पडदा असेल, जो मान हलवली की रंग बदलतो, तर त्याच्यावर रंगाचे निर्णय घेऊच नका.

प्रिंट कुठे बघता?

छपाई व्यवसायात प्रिंट तपासायचा उजेड ठरलेला आहे. आयएसओ ३६६४ या मानकात तो डी५०, म्हणजे सुमारे ५००० केल्व्हिनचा. बारीक तुलनेसाठी तो २००० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) आणि साध्या पाहणीसाठी ५०० लक्स ठेवतात. घरी ढगाळ दिवसाची खिडकी चालते, थेट ऊन नको. दिवाच लावायचा असेल, तर ५००० केल्व्हिनच्या आसपासचा आणि सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचा एलईडी घ्या. रंगीत भिंत आणि अंगातला लाल शर्ट हेही प्रिंटवर आपली झाक टाकतात. माझा शर्टाचा किस्सा सांगण्यासारखा नाही, पण त्या दिवसापासून मी प्रिंट तपासताना काळा टी-शर्ट घालतो.

एकाच उजेडात जुळणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात वेगळे पडू शकतात. याला मेटामेरिझम म्हणतात आणि तो सर्वांत आधी राखाडीत उघडा पडतो. खिडकीत तटस्थ असलेला स्वेटर पिवळ्या दिव्याखाली तांबूस वाटला, तर लगेच फोटो दुरुस्त करायला बसू नका. प्रिंट शेवटी जिथे टांगायची आहे, तिथे नेऊन बघा आणि मगच ठरवा.

नोझल चेक, दोन मिनिटांचं काम

छापण्याआधी नोझल चेक, म्हणजे शाईची छिद्रं तपासायचा रेघांचा नमुना, छापा. रेघांमध्ये कुठेही खंड दिसला, तर हेड साफ करा. एका शाईची काही छिद्रं बंद असतील, तर जगातलं कोणतंही प्रोफाइल ती झाक काढू शकणार नाही. लागोपाठ दोन-तीनदा सफाई करूनही खंड राहिला, तर काही तास थांबून पुन्हा बघा. सफाईत शाई वाहून जाते.

प्रिंटर, शाई आणि कागद ही जोडगोळी नसून त्रिकूट आहे

प्रोफाइलांचं सामायिक स्वरूप ठरवणारी आयसीसी ही संस्था १९९३ मध्ये उभी राहिली, म्हणून या फाइलला आयसीसी प्रोफाइल म्हणतात. या प्रिंटरवर, या शाईने, या कागदावर कोणता आकडा पाठवला की कोणता रंग उमटतो, याचा तो तक्ता असतो. त्रिकुटातलं एक बदललं, की तक्ता खोटा ठरतो. कागद एका कंपनीचा आणि प्रोफाइल दुसऱ्या कागदाचं, किंवा शाई भरून घेतलेली आणि प्रोफाइल मूळ शाईचं, यातून जे बाहेर येतं त्याला नशीब म्हणतात.

मूळ शाई आणि प्रिंटर कंपनीचाच कागद असेल, तर प्रोफाइल ड्रायव्हरसोबत बसलेलं असतं. हानेम्यूले, कॅन्सन, इलफर्ड अशा कागद कंपन्या आपल्या संकेतस्थळांवर प्रिंटरच्या मॉडेलनुसार प्रोफाइल फुकट देतात. विंडोजमध्ये त्या फाइलवर उजवी क्लिक करून ‘इन्स्टॉल प्रोफाइल’ म्हटलं, की झालं. मॅकवर ती लायब्ररीतल्या कलरसिंकच्या प्रोफाइल्स फोल्डरमध्ये टाकायची.

त्या प्रोफाइलसोबत एक चिठ्ठीवजा सूचना असते आणि बहुतेक जण ती वाचत नाहीत. प्रोफाइल बनवताना ड्रायव्हरमध्ये कोणता ‘मीडिया टाइप’ (कागदाचा प्रकार) निवडला होता, ते तिथे लिहिलेलं असतं. मीडिया टाइपवर कागदावर किती शाई ओतायची ते ठरतं, आणि ज्या प्रिंटरमध्ये दोन काळ्या शाया असतात तिथे कोणती काळी वापरायची तेही. मॅट कागदावर ग्लॉसीची निवड राहिली, तर काळा धुरकट राखाडी दिसतो. ग्लॉसीवर मॅटची निवड झाली, तर शाई वर तरंगते आणि बोटाला लागते.

भरलेली शाई वापरायचीच असेल, तर त्या त्रिकुटाचं स्वतंत्र प्रोफाइल करून घ्या. काहीशे रंगांच्या चौकोनांचा तक्ता, रंगव्यवस्थापन पूर्ण बंद ठेवून, छापायचा. तो नीट वाळवून स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजायचा किंवा मोजून देणाऱ्याकडे पाठवायचा.

अतिशुभ्र कागदांबद्दलही एक सावधगिरी. त्यांत उजळी आणणारी रसायनं असतात. ती अतिनील किरण शोषून निळसर उजेड परत देतात. खिडकीत असा कागद चमकतो, अतिनील नसलेल्या एलईडीखाली तोच पिवळट पडतो. नेमक्या राखाडीचा आग्रह असेल, तर थोडा मऊ पांढरा, उजळी न घातलेला कागद घ्या.

रंगांचा मालक एकच

माझ्या सात कागदांचा बळी गेला तो इथे. रंग जुळवायचं काम प्रोग्रामने करावं किंवा ड्रायव्हरने. दोघांनी मिळून केलं, की एकदा दुरुस्त झालेल्या रंगाची पुन्हा दुरुस्ती होते, आणि बहुधा लालसर-जांभळी झाक उरते. दोघांनीही केलं नाही, तर फोटो निस्तेज येतो.

मी मालकी प्रोग्रामला देतो. फोटोशॉपच्या छपाईच्या खिडकीत ‘कलर हँडलिंग’ समोर ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ निवडा आणि त्याखाली तुमच्या कागदाचं प्रोफाइल. लाइटरूम क्लासिक या अडोबीच्याच फोटो-प्रोग्राममध्ये प्रिंट मॉड्यूलच्या तळाशी ‘मॅनेज्ड बाय प्रिंटर’ च्या जागी ते प्रोफाइल निवडा. मग, आणि हेच विसरलं जातं, प्रिंटरच्या सेटिंगमध्ये शिरून ड्रायव्हरचं रंगकाम बंद करा. एप्सनमध्ये त्याला ‘नो कलर अ‍ॅडजस्टमेंट’ म्हणतात. कॅननमध्ये रंगाची मॅन्युअल सेटिंग उघडून मॅचिंगमध्ये ‘नन’ निवडायचं. एचपीत ‘अ‍ॅप्लिकेशन मॅनेज्ड कलर्स’ असा पर्याय असतो. मॅकवर प्रोग्रामने मालकी घेतली, की हा भाग बहुधा आपोआप पुसट होतो. तसा झालाय ना, एवढं बघा. ‘फोटो एन्हान्स’, ‘ऑटो फिक्स’, ‘व्हिव्हिड’ यांच्या खुणाही काढा.

त्याच खिडकीत ‘रेंडरिंग इंटेंट’, म्हणजे शाईला न जमणाऱ्या रंगांचं काय करायचं, ते विचारलं जातं. कामाचे पर्याय दोनच. ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ शाईला जमणारे रंग जागच्या जागी ठेवतं आणि न जमणारे हद्दीवर आणून बसवतं. ‘परसेप्च्युअल’ सगळेच रंग थोडे थोडे आत सरकवतं, म्हणजे भडक रंगांमधले बारीक फरक टिकतात. चेहरे, घराच्या आतले फोटो, साधे रंग यांना मी रिलेटिव्ह लावतो. जर्द फुलं किंवा मावळतीचं आकाश असेल, तर परसेप्च्युअल. ‘ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन’ (बीपीसी) ची खूण दोन्हींत चालू ठेवतो, नाहीतर सावल्यांचा काळा गोळा होतो.

या सगळ्याचा कंटाळा येत असेल, तर उलटं करा. प्रोग्राममध्ये ‘प्रिंटर मॅनेजेस कलर्स’, फाइल एसआरजीबीत, कंपनीचाच कागद आणि कंपनीचीच शाई. फोनवरून छापताना असंच होतं. निकाल वाईट येत नाही, फक्त बारीक नियंत्रण तुमच्या हातात राहत नाही.

छापण्याआधी कागद पडद्यावर बघा

फोटोशॉपमध्ये ‘व्ह्यू’ मेनूतल्या ‘प्रूफ सेटअप’ मध्ये जाऊन ‘कस्टम’ निवडा आणि तुमचं प्रोफाइल लावा. लाइटरूमच्या डेव्हलप मॉड्यूलमध्ये कीबोर्डवरचं एस हे बटण पुरतं. यालाच सॉफ्ट प्रूफ म्हणतात. ‘सिम्युलेट पेपर कलर’ ची खूण केली, की फोटो अचानक धुवून काढल्यासारखा दिसतो आणि माणूस घाबरून खूण काढून टाकतो. खूण करताना क्षणभर नजर दुसरीकडे वळवा, पडद्यावरचे पांढरे मेनू लपवा, अर्धं मिनिट थांबा आणि मग बघा. डोळ्याला तुलनेला जुना पांढरा मिळाला नाही, की तो कागदाचा पांढरा स्वीकारतो.

प्रूफमध्ये निळ्याची पोत बुजत असेल, तर फक्त निळ्याची तीव्रता थोडी उतरवा. ही दुरुस्ती वेगळ्या अ‍ॅडजस्टमेंट लेयरवर, म्हणजे फोटोवर ठेवलेल्या दुरुस्तीच्या वेगळ्या थरावर करा आणि लेयरला कागदाचं नाव द्या. मूळ फोटो जसा आहे तसाच राहू द्या.

चाचणीचा कागद

एका फाइलमध्ये शून्यापासून (काळा) २५५ पर्यंत (पांढरा) राखाडीची २१ घरांची पट्टी करा. शेजारी दोन-तीन वेगवेगळ्या त्वचांचे चेहरे, निळं आकाश आणि काही भडक रंगांचे चौकोन ठेवा. नवा कागद किंवा नवी शाई आली, की आधी हे छापायचं. छापल्यावर लगेच निकाल देऊ नका. इंकजेटची प्रिंट वाळताना रंग सरकतात, म्हणून निदान तासभर आणि जमल्यास रात्रभर थांबा.

मग कोऱ्या पांढऱ्या कागदाला घराएवढं भोक पाडा, तो पट्टीवर ठेवून खिडकीपाशी जा आणि एकेक राखाडी घर भोकातून पाहा. शेजारचे रंग झाकले, की झाक लगेच कळते. माझ्या एका सॅटिन (ग्लॉसी आणि मॅट यांच्या मधल्या) कागदावर गडद घरं स्वच्छ होती, पण मधली चार घरं हिरवट होती, जणू कोणी त्यांच्यावर पातळ शेवाळ फासलंय. पडद्याजवळ प्रिंट धरून हे कधीच दिसलं नसतं. पहिल्या तीन-चार काळ्या घरांमधला फरक दिसतोय का, तेही तपासा. ती एकच झाली असतील, तर सावल्या बुडणारच.

पट्टीतली सगळीच घरं एकाच रंगाकडे झुकत असतील, तर आधी प्रोफाइल, मीडिया टाइप आणि दुहेरी मालकी तपासा. एखादाच पट्टा झुकत असेल, तर छिद्रं बंद असतील किंवा प्रोफाइल थोडं डळमळीत असेल. राखाडी स्वच्छ आहे आणि एखादाच भडक रंग फिरलाय, म्हणजे निळ्याचा जांभळा झालाय, तर तो रंग शाईच्या हद्दीबाहेरचा आहे. तिथे इंटेंट बदलून बघा.

साखळी नीट आहे, पण प्रिंट अजून जराशी गडद वाटते? फोटोतला महत्त्वाचा भाग, बहुधा चेहरा, पट्टीएवढा कापा. त्याच्या पाच प्रती एकाच कागदावर ठेवा आणि कर्व्हने (फोटोशॉपमधली उजळपणा बदलायची वक्ररेषा) मधले टोन शून्य, ५, १०, १५ आणि २० ने उचला. प्रत्येकीखाली आकडा छापा. कोणती बरोबर ते खिडकीपाशी उभं राहिल्यावर दोन सेकंदांत कळतं. लाइटरूममध्ये यासाठी ‘प्रिंट अ‍ॅडजस्टमेंट’ चे स्लायडर आहेत. ते फक्त छपाईला लागू होतात, फोटोला धक्का लावत नाहीत. झाक काढायची असेल, तर विरुद्ध जोडी लक्षात ठेवा: लालसमोर निळसर-हिरवा सायान, हिरव्यासमोर मॅजेंटा, निळ्यासमोर पिवळा. दोन-तीन आकड्यांच्या वर जावं लागलं, तर समजा मागे कुठेतरी गफलत आहे, आणि परत साखळीकडे जा.

कृष्णधवल फोटो या सगळ्याची सर्वांत कठोर परीक्षा घेतात. चार शायांचा प्रिंटर राखाडी बनवायला रंगीत शाया मिसळतो, आणि त्या मिश्रणातला तोल जरा ढळला की झाक दिसते. स्वतंत्र राखाडी शाया असलेला प्रिंटर असेल, तर त्याच्या ड्रायव्हरमधला खास कृष्णधवल मोड बिनदिक्कत वापरा. तिथे मालकी ड्रायव्हरलाच द्यावी.

मनासारखी प्रिंट आली, की तिच्या मागे मऊ पेन्सिलीने कागद, प्रोफाइल, मीडिया टाइप, इंटेंट आणि तारीख लिहा, आणि तेच एका वहीतही लिहा. सहा महिन्यांनी तोच कागद काढल्यावर आठवणीवर विसंबायची वेळ येत नाही. मावशीच्या फोटोची माझ्या वहीतली नोंद अशी आहे: ‘सॅटिन. कागद कंपनीचं प्रोफाइल. रिलेटिव्ह, बीपीसी चालू. ड्रायव्हरचे रंग बंद!! मधले टोन +१०. खिडकीत स्वेटर राखाडी. बैठकीच्या दिव्याखाली किंचित तांबूस, चालेल.’